मेळाव्याला जातोच आहेस तर…

‘मला वेळ नाही’ हे वाक्य मला आजवर एकदाही पूर्ण म्हणता आलेलं नाही. ‘मला वे…’पर्यंत मी दोन-तीनदा पोहोचलो होतो, पण तोवर समोरचा माणूस माझ्या हातात पिशवी देऊन मोकळा झालेला असायचा. आमच्या गल्लीत वेळ नसण्याचा अधिकार फक्त नोकरीवाल्यांना आहे. नोकरी नसलेला माणूस, मग तो बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला का असेना, रिकामा समजला जातो. माझं कॉलेज सकाळचं. त्यामुळे दुपारनंतरचा तहा होडेकर हा गल्लीच्या सामायिक मालकीचा, कोपऱ्यावरच्या नळासारखा. कुणीही यावं आणि सोडावा.

वीजबिल भर, गॅसवाल्याला फोन कर, मोबाइलमधले फोटो गेले ते शोधून दे, अशी किरकोळ कामं मी मोजतच नाही. माझं मुख्य खातं पार्सलांचं. रत्नागिरीतून कुणी मुंबईला निघालं, की आमच्याकडे त्याला ‘कशाला चाललास?’ असं कुणी विचारत नाही. ‘बॅगेत जागा हाय काय?’ असं विचारतात. आणि कुणीच निघालं नाही, तर मी स्टँडवर जाऊन एखाद्या ड्रायव्हरच्या हातापाया पडायचं. पार्सलांवर नावं घालायचं कामही माझ्याकडेच, कारण माझं अक्षर बसच्या उजेडातसुद्धा लागतं म्हणे. काळा मार्कर माझ्या खिशात कायम असतो. दुसऱ्या मुलांच्या खिशात कंगवा असतो.

म्हणून कॉलेजच्या फलकावर ‘भव्य रोजगार मेळावा’ असा कागद लागला तेव्हा मला पगार, प्रगती वगैरे काही दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की एक दिवस शेजारच्या फरीदा चाची पिशवी घेऊन दारात उभ्या आहेत आणि मी बुटाची लेस बांधत शांतपणे म्हणतोय, ‘चाची, मला वेळ नाही.’ त्या एका वाक्यासाठी मी कुठलीही नोकरी करायला तयार होतो.

पण मी मेळाव्याचं घरी येऊन अम्मीला मोठ्याने सांगितलं, आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी चाचींच्या खिडकीला लागून आहे.

“कुठल्या कंपन्या येतायत रे?” खिडकीतून आवाज आला.

“मुंबईच्या, चाची.”

“गाडी घेऊनच येतील ना?”

“येतील.”

“मग परत जाताना रिकामीच जाणार.”

या तर्काला काय उत्तर देणार? चाचींची मुलगी उझमा मुंब्र्याला असते. तिला आठवा महिना होता आणि सोड्यांची खिचडी खावीशी वाटत होती. सोडे म्हणजे सोलून कडक वाळवलेली कोलंबी. खिचडीत पडले तर माणूस चार घरांवरून वास काढत येतो, आणि खिचडीत न पडता पिशवीत पडले तरीही येतो. चाचींनी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून सोडे माझ्या हवाली केले.

“चाची, ते माझी मुलाखत घ्यायला येतायत. त्यांना पार्सल कसं देऊ?”

“आधी मुलाखत दे, मग पार्सल दे. मी काय घाई करत्ये?”

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली, की तहाच्या ओळखीची मुंबईची गाडी येतेय. गोदा मावशींनी नालासोपाऱ्याच्या भावासाठी कुळथाचं पीठ आणून दिलं. भागोजी काकांनी मेव्हण्यासाठी आमसुलं दिली आणि वर सल्लाही दिला. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून ते समोरच्या माणसाकडे, तो चुकीच्या फलाटावर उभा असल्यासारखं बघतात.

“मी सांगतंय तुला,” ते म्हणाले, “असल्या ठिकाणी आधी जागा धरायची. आत गेलास की मोठ्यातली मोठी कंपनी बघ आणि तिच्या म्होरल्या खुर्चीवर रुमाल टाक. मग खुशाल हिंड.”

“काका, तिथे असं नसतं.”

“सगळीकडं असंच असतं.”

कुवेतहून अब्बांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचा सल्ला एकच होता, “टाय बांध.” आमच्या गल्लीत टाय बांधता येणारा माणूस नाही हे त्यांना पंचवीस वर्षं गोदाम सांभाळताना कुणी कळवलेलं नसावं. शेवटी अम्मीने माझा शाळेतला इलॅस्टिकचा टाय ट्रंकेतून काढला. त्यावर शाळेचं बोधचिन्ह होतं आणि त्याखाली ‘शिस्त’ असं लिहिलेलं होतं. “कोटाने झाकेल,” अम्मी म्हणाली. कोट नव्हता.

नावनोंदणी ऑनलाइन होती. त्यासाठी येणारा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जायचा, आणि तो नंबर अब्बांचा असल्यामुळे तो कुवेतला जायचा. अब्बा गोदामात शिडीवर असायचे. ते उतरून, चष्मा लावून, आकडे नीट सावकाश वाचून दाखवेपर्यंत ओटीपीची मुदत संपायची. मग ते म्हणायचे, “काय रे, तुमच्याकडची कामं अजून अशीच काय?” एकदाची ती पायरी पार पडली, तर पुढे ‘अनुभव’ असा रकाना होता. तो रिकामा सोडता येत नव्हता आणि शून्य चालत नव्हतं. विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला अनुभव मागणारा तो रकाना कुणी केला त्याला मला एकदा भेटायचं आहे. शेवटी मी ‘एक’ लिहिलं. एक काय, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी गळ्यात शिस्त, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात बोजड पिशवी असा मी हॉलच्या दाराशी पोहोचलो. दारावरच्या रखवालदाराने पिशवी हुंगली.

“खायचे पदार्थ आत न्यायचे नाहीत.”

“खायचे नाहीत हो. कच्चे आहेत.”

तो विचारात पडला. “कच्चे असतील तर चालेल,” म्हणाला.

आत गेलो आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे, कुणी बघत नाही असं पाहून, सर्वांत मोठ्या फलकाखालच्या खुर्चीवर रुमाल टाकला. मला लाज वाटली नाही असं नाही. पण काकांचा शब्द पाठीवर उभा होता.

मग रांग शोधली. रांगा पुष्कळ होत्या आणि फलक त्याहून पुष्कळ, पण कुठला फलक कुठल्या रांगेचा ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी सर्वांत शिस्तीच्या रांगेत उभा राहिलो. रांग हॉलमधून बाजूच्या बोळात आणि बोळातून एका खोलीत जात होती. पहिल्या टेबलावरच्या बाईंनी नाव विचारलं, वय विचारलं, मग वजन विचारलं. उमेदवाराचं वजन विचारणारी कंपनी मला एकदम भरवशाची वाटली.

“रात्री झोप झाली?”

“हो.”

“नाश्ता केलास?”

इतक्या आपुलकीने मला घरीही कुणी विचारत नाही. मी भारावून ‘हो’ म्हटलं.

“आधी दिलंयस कधी?”

“नाही. पहिलीच वेळ.”

“घाबरू नकोस. दहा मिनिटांत होतं. कळतसुद्धा नाही.”

“मराठीतून दिलं तर चालेल ना?”

बाईंनी वर पाहिलं. “कशातूनही दे बाळा,” त्या म्हणाल्या आणि मला आत पाठवलं.

आत खाटा होत्या. आता हे मान्य करायला हवं, की खाट दिसल्यावर शहाणा माणूस मागे फिरला असता. मला वाटलं, नोकरीपूर्वीची वैद्यकीय तपासणी असेल. मी आडवा झालो. हातात रबरी चेंडू दिला गेला, दंडाला पट्टा बसला, आणि भिंतीवरचे ‘रक्तदान शिबिर’ हे शब्द मला तेव्हा दिसले. बिछान्यावरून ते अगदी नीट दिसतात. उठून पळायचं तर मागच्या खाटेवर माझ्याच वर्गातली संस्कृती आडवी होऊन माझ्याकडे कौतुकाने बघत होती. “तहा, तू पण? मला वाटलं नव्हतं,” ती म्हणाली. मलाही वाटलं नव्हतं. मी चेंडू दाबत राहिलो. आपल्या भाषेत मुलाखतही द्यायची आणि रक्तही द्यायचं. त्यात माझा दोष काय?

शेवटी मला एक प्रमाणपत्र, ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणि सूचना मिळाली, “आज जड उचलू नकोस.” मी पिशवी उचलली आणि हॉलमध्ये परत आलो.

माझी खुर्ची तशीच होती, पण तिच्यावर दुसरंच कुणी बसलं होतं आणि माझ्या रुमालाने कंपनीचा माणूस टेबलावर सांडलेला चहा पुसत होता. रुमाल मागून घ्यायचं धैर्य झालं नाही. मी त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. ती कंपनी विम्याची होती. माझा नंबर आला तेव्हा हॉलमधला एसी जोरात चालू होता आणि मी नेमका त्याच्या वाऱ्याच्या तोंडाशी बसलो. पिशवी पायाशी होती.

सूटवाल्या साहेबांनी माझी फाइल उघडली, थांबले, नाक वर केलं. “वायर जळतेय का कुठे?”

शेजारचे साहेबही हुंगू लागले. “प्लास्टिक जळल्यासारखं वाटतंय.”

“असेल,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

वायरमनला बोलावलं. त्याने एसी बंद केला, पंखे बंद केले, स्टुलावर चढून पेटी उघडली आणि वरूनच मला विचारलं, “सोडे कुणाचे हाईत?” साहेब मुंबईचे असल्यामुळे त्यांना शब्द कळला नाही. पण तोवर त्यांनी खबरदारी म्हणून टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला हलवायला घेतलं होतं, आणि माझी फाइल जुन्या जागी राहिली.

पुढची कंपनी कर्जवसुलीची की कर्जवाटपाची, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. तिथल्या तरुणाने हसून विचारलं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?” सकाळपासून मी उभा होतो. अंगातलं रक्त कमी झालं होतं. हातात तीन घरांचं ओझं होतं. तोंडातून खरं तेच निघून गेलं.

“बसलेला.”

“म्हणजे?”

“कुठेतरी बसलेला.”

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. “आमच्याकडचं काम फिरतीचं आहे,” म्हणाला.

दुपार कलली. टेबलं आवरायला लागली. मला आता नोकरीही नको होती आणि ते वाक्यही नको होतं. घरी जाऊन चाचींना काय सांगायचं, एवढाच घोर होता. सोडे परत नेले तर उझमाच्या खिचडीची जबाबदारी माझ्यावर होती. हॉलच्या कोपऱ्यात, प्रसाधनगृहाच्या दाराशेजारी, एक टेबल रिकामं दिसलं. त्यामागे एक मध्यमवयीन बाई टेबलाखाली चपला काढून बसल्या होत्या. त्यांच्या समोर ‘सुर्वे’ अशी पाटी होती. मी खुर्चीत अक्षरशः पडलो. त्यांनी श्वास घेतला, तसा मीच घाईने म्हणालो, “मॅडम, वायर नाही. सोडे आहेत.”

“ते कळलं मला. मी सावर्ड्याची आहे,” सुर्वे मॅडम म्हणाल्या. “कुणासाठी?”

मग मी सगळं सांगितलं. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी मला येत असलेला प्रश्न विचारला होता. सोडे मुंब्र्याला उझमाकडे, स्टेशनच्या पूर्वेला, पण ती दुपारी झोपते म्हणून फोन संध्याकाळी करायचा. पीठ नालासोपाऱ्याला, तिथे भाऊ घेणार नाही, वहिनी घेईल, कारण भाऊ फोन उचलत नाही. आमसुलं मेव्हण्याची, आणि ती मिळाली तरी तो मिळाली नाहीत म्हणून सांगतो, तेव्हा देताना फोटो काढायचा.

“आणि पोचलं नाही म्हणून कुणी ओरडलं तर?”

“ऐकून घेतो. फरीदा चाची तासाला दोनदा विचारतात. पहिल्यांदा खरं सांगायचं आणि नंतर तेच पुन्हा सांगायचं. मध्येच वेगळं सांगितलं की त्या घाबरतात.”

मॅडमनी पाय चपलेत सरकवले. त्यांच्या कंपनीचं भिवंडीला मोठं गोदाम होतं. लोकांनी मोबाइलवरून मागवलेला माल तिथून जायचा, आणि ‘माझं पार्सल कुठे आहे?’ असं विचारणाऱ्यांना फोनवर उत्तरं द्यायला त्यांना माणसं हवी होती.

म्हणजे जे काम मी गल्लीत फुकट करत होतो, त्यालाच तिथे पगार होता.

“परीक्षा संपली की ये,” त्या म्हणाल्या.

माझा विश्वास बसेना. “मॅडम, माझी निवड झाली?”

“जागा पुष्कळ आहेत रे, आणि भिवंडी म्हटलं की कुणी येत नाही. जो खुर्चीवर बसला त्याला घेतलाय,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी झालेल्या अपमानांत हाच सर्वांत मऊ होता, म्हणून मी तो घेतला. मी उठलो, तशा त्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ती कुठे नेतोस? डिकीत ठेव. गाडी रिकामीच जातेय.”

चाचींचा तर्क खरा ठरला, याचं मला नोकरीपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

घरी अम्मीने साखर वाटली. अब्बा शिडीवरूनच “टाय बांधलास ना? बघ,” असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी उझमाचा फोन आला, खिचडी झाली. आणि तेव्हापासून मी तयारीत राहिलो. बुटाची लेस बांधायला घ्यायची, वर न बघता बोलायचं, आवाज मऊ पण ठाम. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं.

पण कुणी आलंच नाही.

भागोजी काका स्वतः वीजबिल घेऊन निघालेले दिसले. मी “द्या काका” म्हटलं, तर ते म्हणाले, “नको. तुझी आता तयारी असेल. तुला वेळ नसणार.” गोदा मावशी गॅसवाल्याशी फोनवर स्वतः भांडल्या आणि हरल्या. ‘तुला वेळ नसेल’, ‘त्याला कुठला आता वेळ!’ माझं वाक्य गल्लीभर सगळे म्हणत होते, फक्त मला म्हणू देत नव्हते. परीक्षा झाली, निकाल लागला, तरी तेच. एकदा भर उन्हात फरीदा चाची गुडघ्यावर हात ठेवत स्टँडच्या दिशेने पिशवी नेताना दिसल्या. मी धावत गेलो, पिशवी घ्यायला हात पुढे केला.

“नको रे बाबा. तू आता कामाचा माणूस,” त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मला वाईट वाटलं. हे सरळच सांगतो. पार्सलावर त्यांनी स्वतःच नाव घातलं होतं, आणि ते ‘उझमा’ आहे हे फक्त मलाच वाचता आलं असतं.

“अम्मी, मला कुणी काम का सांगत नाही?”

“पाहुण्याला कुणी काम सांगतं काय?” अम्मी म्हणाली आणि पोळ्या करत राहिली. 

निघायचा दिवस आला. दुपारची गाडी होती. मी बॅग मुद्दाम अर्धी रिकामी ठेवली होती. मुंबईला माणूस निघालाय, आज तरी कुणी विचारील ‘जागा हाय काय?’ म्हणून. काका आले, हात हातात घेऊन “खिडकीची जागा धर” म्हणाले आणि रिकाम्या हाताने गेले. गोदा मावशी डोळे पुसून गेल्या. त्यांच्याही हातात काही नव्हतं. रिक्षावाला कोपऱ्यावर हॉर्न वाजवू लागला. मी बॅगेची चेन लावायला घेतली.

तेवढ्यात तो वास आला. चाची दारात होत्या. तीन पिशव्या, वर सुतळी.

“वेळ हाय काय रे तुला?” त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. “रिक्षा थांबलीय ती.”

“आहे चाची, भरपूर वेळ आहे. आणा इकडे.” मी जवळजवळ ओढूनच घेतलं त्यांच्या हातातून. मार्कर खिशातून काढला. “उझमाचं ना? आता बाळंतिणीला सोडे चालतील का पण? की तिच्या सासूला द्यायचं?”

“उझमाला कशाला? तिला धाडलं मी परवा.” चाचींनी पदराने तोंड पुसलं. “तुझं हाय ते. तिथं भिवंडीत तुला कोण देणार सोडे?”

मी मार्कर परत खिशात ठेवायला गेलो.

“नाव घाल वरती,” त्या म्हणाल्या. “नायतर कुणीतरी आपलं म्हणून घेऊन जाईल.”

या गल्लीतल्या प्रत्येकाच्या भावाचं, मुलीचं, मेव्हण्याचं नाव मी लिहिलं होतं. पार्सल गुडघ्यावर ठेवून मी मार्करचं झाकण काढलं आणि लिहिलं : तहा मजीद होडेकर, भिवंडी.  चाचींनी अक्षर डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “लागतंय.”